पारशिवनीहून निघा, पण सगळं नागपूर एका दिवसात पाहू नका

पारशिवनी तालुक्यातल्या माणसाला नागपूर काही नवं नाही. दवाखाना, कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, पोरीच्या कॉलेजचा प्रवेश, मोटारपंपाचा सुटा भाग, अशा कामांसाठी वर्षातून कितीदा तरी जाणं होतं. पण काम उरकलं की आपण परतीची गाडी धरतो. सीताबर्डीच्या टेकडीखालून शेकडो वेळा गेलेल्या माणसाला विचारा, वरच्या किल्ल्यात काय झालं होतं? तो खरेदीच्या पिशव्या सावरत हसून मोकळा होईल. म्हणून वर्षातला एक दिवस असा काढावा की त्या दिवशी नागपुरात काहीच काम नाही. मुलं, आजी, आबाजी सगळ्यांना घेऊन फक्त पाहायला जायचं.

आणि इथेच बहुतेक कुटुंबं गडबडतात. दीक्षाभूमी, अजब बंगला, किल्ला, महाल, रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग, फुटाळा, अंबाझरी आणि येताना कोराडीची देवी, अशी यादी निघते. दुपारी दोनपर्यंत लहानगं पोर कडेवर, आजीचे गुडघे बोलायला लागलेले, आणि गाडीत बसल्या बसल्या 'ते बघ विधानभवन' एवढंच पाहणं उरतं. माझं सरळ मत सांगतो. स्मारकं तीन, फार तर चार घ्या. निवडताना एकच कसोटी लावा: या जागेचं आपल्या गावाशी, आपल्या घराशी काय नातं आहे ते मुलाला दोन वाक्यांत सांगता येतं का? येत असेल तर ती जागा यादीत ठेवा. फुटाळ्याला पुन्हा कधीतरी जाता येतं.

आधी दिवस ठरवू. सोमवार नको, कारण मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सोमवारी बंद असतं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर तेही दिवस टाळा. मोर्चे, बंदोबस्त आणि अडवलेले रस्ते यांत सिव्हिल लाईन्स आणि सीताबर्डीचा सगळा भाग अडकतो. दसऱ्याला आणि १४ एप्रिलला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय असतो. त्या दिवशी जायचं तर त्या समुदायातलं एक होऊन जायचं, सहलीला म्हणून नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतींची मिरवणूक असते. ती पाहण्यासारखी आहे, पण तो मग पूर्ण वेगळा दिवस. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले साधे शनिवार-रविवार. हवा थंड, संत्री बाजारात आलेली, चालायला बरं. मे महिन्यात जाऊ नका म्हटलं तरी शाळेच्या सुट्या तेव्हाच असतात, म्हणून उन्हाळ्याचा वेगळा क्रम पुढे सांगतो.

किल्ला आतून पाहायचा असेल तर गणित बदलतं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला तो साधारणपणे २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी खुला होतो. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वेळ येते, ती पाहून निघा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि रांगेची तयारी ठेवा. माझ्या मते १५ ऑगस्ट सगळ्यांत चांगला. शाळेत झेंडावंदन करून निघालात तरी चालतं. पाऊस असतो, तेवढं मात्र सांभाळा.

जायचं कसं? आमडी फाट्यावरून कन्हान-कामठी हा एक रस्ता, दुसरा खापरखेडा-कोराडीकडून. या सहलीसाठी मी कामठीचा रस्ता धरा म्हणेन. त्याचं कारण मेट्रो. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकात नागपूर मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेचं शेवटचं स्थानक आहे. तिथे उतरलात की शहरातली गर्दी, पार्किंग, एकेरी रस्ते सगळं मागे राहतं आणि पुढचा सगळा दिवस या एकाच मार्गिकेवर बेतता येतो. मुलांना किल्ल्यापेक्षा मेट्रोचंच अप्रूप जास्त असणार हे धरून चाला. तेही फुकट जाऊ देऊ नका. गड्डीगोदामजवळ त्यांना खिडकीशी बसवा: तळाला रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर आपण.

एसटीने निघत असाल तर घरातल्या बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. पण आधार कार्ड जवळ हवं. आजीचं आधार कपाटातल्या डब्यात आणि आजी बसस्टँडवर, असं होऊ नये म्हणून आदल्या रात्रीच ते पिशवीत टाका. त्याच पिशवीत पाण्याच्या बाटल्या, औषधं, टोप्या, एक जुनी चादर आणि सगळ्यांचे जाड पायमोजे. पायमोजे कशाला ते पुढे कळेल. वाहकाला चढतानाच विचारून घ्या, ऑटोमोटिव्ह चौकात उतरवाल का.

साडेसहा-सातला निघालात तर साडेआठच्या सुमारास झिरो माईल फ्रीडम पार्क स्थानकावर असाल. नाश्ता आधी. तर्री पोहे कुठले चांगले यावर नागपुरात एकमत नाही आणि होणारही नाही. जिथे गर्दी आहे आणि कढई गरम आहे तिथे खा. लहानांच्या पोह्यांवर तर्री नको म्हणून आधी सांगा, सांगितलं नाही तर ती पडतेच.

झिरो माईलशी लोक घोड्यांच्या पुतळ्यांबरोबर फोटो काढतात आणि निघतात. मुलांना घोड्यांकडून खांबाकडे वळवा. वालुकाश्माच्या सहा बाजूंच्या त्या खांबावर गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. त्यात शिवनी ७९ मैल, जबलपूर १७० मैल. मुलाच्या हातात पेन द्या आणि विचारा, ७९ मैल म्हणजे किती किलोमीटर? एका मैलाचे १.६ धरले तर १२६ च्या आसपास येतात. आता सांगा, आपण सकाळी आमडी फाट्यावर ज्या हमरस्त्याला लागलो तोच हा शिवनीचा रस्ता. तिथून उलट्या दिशेला गेलो असतो तर शिवनी आणि पुढे जबलपूर. शंभरेक वर्षांपूर्वी मोजणी करणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या कडेने जाणारी वाट या दगडावर लिहून ठेवली, एवढं कळलं की दगड जिवंत होतो. देशाचा मध्यबिंदू तो हाच, असं कोणी ना कोणी सांगेलच. वाद घालू नका, पण मुलांना दुसरी गोष्टही सांगा. इथे ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा १९०७ चा मानक दगड आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायला तो बसवला. त्यावरची उंची १०२० फुटांहून थोडी अधिक आहे. म्हणजे हजार फूट उंचीवर उभे आहोत, आणि धाप मात्र लागलेली नाही!

तिथून चार पावलांवर, उड्डाणपुलालगत, गोवारी शहीद स्मारक आहे. सहलीच्या यादीत ते सहसा नसतं. मी म्हणतो, आपल्या तालुक्यातल्या कुटुंबाने ते चुकवू नये. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना गोवारी समाज अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन विधानभवनाकडे निघाला होता. मोर्चा अडवला गेला, लाठीमार आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यांत बाया आणि लहान मुलं जास्त. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखणारा हा समाज. तुमच्या गावात गोवाऱ्यांची घरं असतील तर निघण्याआधी तिथल्या एखाद्या मोठ्या माणसाशी बोला. कोण गेलं होतं, कोण परत आलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकून मग इथे उभं राहणं वेगळं असतं. त्यानंतर समाजाला विशेष मागास प्रवर्गात आरक्षण मिळालं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुलं विचारतील, मग त्यांना न्याय मिळाला का? उत्तर तयार ठेवून जाऊ नका, त्यांच्यासोबत विचार करा. वरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचंच नाव आहे, तेही दाखवा. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि नाव वाचणारे थोडे. इथे सेल्फी नको. चपला काढून, क्षणभर थांबून पुढे निघावं. डबा उघडायची ही जागा नव्हे.

टेकडीवरचा किल्ला इथून दिसतो. आत जाता येत नसेल तरी गोष्ट इथेच सांगता येते, आणि ती आबाजींनी सांगावी. १८१७ चा नोव्हेंबर. नागपूरच्या गादीवर अप्पासाहेब भोसले, आणि सीताबर्डीवर इंग्रजांचा रेसिडेंट जेनकिन्स. टेकड्या दोन, एक मोठी, एक छोटी. २६ च्या संध्याकाळी लढाई पेटली आणि २७ ला दुपारपर्यंत चालली. भोसल्यांकडे फौज कितीतरी पट जास्त होती, छोटी टेकडी त्यांनी घेतलीही. तरी शेवटी इंग्रज जिंकले. किल्ला बांधला गेला तो त्यानंतर. म्हणजे भोसले या किल्ल्यासाठी लढले हे म्हणणं बरोबर नाही, ते लढले उघड्या टेकड्यांवर. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, दत्तक नाकारला गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. शाळेच्या पुस्तकात डलहौसीच्या नावापुढे ज्या राज्यांची यादी असते, त्यातलं नागपूर हेच. हे ऐकल्यावर आठवीतल्या मुलाचे कान टवकारतातच, कारण हा प्रश्न परीक्षेला येतो.

दहाच्या पुढे सिव्हिल लाईन्सकडे वळा. संविधान चौकातल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यावरून विधानभवन आणि अजब बंगला जवळच आहेत. चालताना झेंडा सत्याग्रहाची गोष्ट सांगायला याहून योग्य रस्ता नाही. १९२३ मध्ये याच सिव्हिल लाईन्समध्ये राष्ट्रीय झेंडा घेऊन जायला बंदी होती. सत्याग्रहींच्या तुकड्यांमागून तुकड्या झेंडा घेऊन निघत, अटक होई, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन नेतृत्व करू लागले, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक अखेर याच भागातून गेली. सरकारी इमारतींची ओळ पाहत आज आपण बिनधास्त चालतो, तो रस्ता तेव्हा झेंड्याला बंद होता. उच्च न्यायालयाची घुमटाची इमारतही याच भागात आहे. हेन्री व्हॉन लँचेस्टर या वास्तुविशारदाची ती, १९४० मध्ये उघडली गेली. रस्त्यावरून पाहा आणि पुढे व्हा. सुरक्षारक्षकाशी फोटोवरून हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका.

अजब बंगल्यात मात्र शिस्त लागते. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय म्हणजे दालनामागून दालन. प्राणी, पक्षी, शिल्पं, शिलालेख, शस्त्रं, आदिवासी जीवन. सगळी पाहायला गेलात तर तिसऱ्या दालनानंतर मुलं नुसती पुढे पळतात. दोन दालनं निवडा. एक मुलांच्या आवडीचं, बहुधा प्राण्यांचं किंवा तलवारींचं. दुसरं तुमच्या आवडीचं, आणि ते आदिवासी कलेचं असू द्या. नागपूर वसवलं तेच मुळात गोंड राजाने. देवगडचा बख्त बुलंद शाह, साल १७०२, बारा लहान वस्त्या जोडून एक शहर. देवगड आता छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या उत्तरेच्याच डोंगरांत. भोसले आले ते नंतर, पहिल्या रघुजींबरोबर. 'नागपूर भोसल्यांचं' म्हणणाऱ्या आपल्या सवयीला हे दालन जरा थांबवतं. आणखी एक. मनसरला सापडलेली प्रसिद्ध शिववामन मूर्ती इथे शोधत फिरू नका, ती दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या शेजारच्या गावची मूर्ती दिल्लीत आणि आपण नागपुरात, यावर आबाजी जे काही बोलतील ते मुलांना ऐकू द्या.

जेवणाचं. घरून शिदोरी नेली असेल तर उत्तम. झुणका, भाकर, ठेचा आणि सोबत दही. संग्रहालयाच्या किंवा स्मारकाच्या आवारात डबा उघडण्याआधी विचारून घ्या, नाहीतर बागेत बसा. बाहेर खायचं तर सीताबर्डीत साधं जेवण सगळीकडे मिळतं. सावजीची हौस असेल तर ती रात्रीसाठी ठेवा. दुपारी सावजी खाऊन उन्हात स्मारकं पाहणं पोटाला परवडत नाही, विशेषतः म्हाताऱ्यांच्या.

दुपारनंतर दीक्षाभूमी. सीताबर्डीहून मेट्रोने रहाटे कॉलनी, तिथून ऑटो. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. तिथे किमान दीड तास राखून ठेवा, कारण दिवसाचा मुख्य मुक्काम हाच. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो अनुयायांना दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. हे दोन दिनांक मुलांपुढे एकत्र ठेवा. आकड्यांतूनच मुलांना कळतं की केवढी घाई होती आणि केवढं काम उरकलं होतं. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचे आजोबा त्या दिवशी इथे आले होते का, हे गावातच विचारून निघा. बैलबंडीने, पायी, मिळेल त्या वाहनाने आलेल्या माणसांच्या आठवणी अजून घराघरांत सांगितल्या जातात, आणि त्या कुठल्याही फलकापेक्षा जास्त सांगतात.

स्तूपाचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वास्तुविशारद शिवदान मल, नमुना सांचीचा, दगड धोलपूरचा. घुमट सुमारे १२० फूट उंच आणि तेवढाच रुंद. पण सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ. फरक आत गेल्यावर कळतो. मुलांना मधोमध उभं करा आणि हळूच वर पाहायला सांगा. त्याच दालनात बाबासाहेबांचा अस्थिकलश आहे, म्हणून आवाज खाली, फोन बंद. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांपासून वाढलेला आहे, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी ती रोपं आणली.

आता ते पायमोजे. स्तूपाजवळ चपला काढाव्या लागतात आणि नागपूरच्या उन्हात फरशी अशी पोळते की लहान मुलं नाचायला लागतात. हिवाळ्यात काही वाटत नाही, पण मार्चपासून पुढे जाड पायमोजे घालूनच चाला. उन्हाळ्यात जात असाल तर सगळा क्रमच उलटा करा: सकाळी आधी दीक्षाभूमी, अकरापासून दोनपर्यंत संग्रहालयाची सावली, आणि झिरो माईल व गोवारी स्मारक ऊन उतरल्यावर.

महालाबद्दल विचाराल तर जास्तीचं ठिकाण म्हणून तो घ्यावा, पण घरातल्या सगळ्यांचे पाय अजून शाबूत असतील तरच. जुम्मा दरवाजा, ज्याला आता गांधी गेट म्हणतात, शेजारचा शुक्रवारी तलाव, भोसल्यांचा वाडा आणि भोवतीची बोळं. गाडी आत घालू नका, पायी फिरा. कोणी दमलं असेल तर त्याला दीक्षाभूमीच्या आवारात सावलीत बसू द्या, महाल पुढच्या खेपेला. कामठीचा ड्रॅगन पॅलेस परतीच्या वाटेवरच आहे, १९९९ मध्ये उभारलेलं बुद्धमंदिर, आत चंदनाची बुद्धमूर्ती. दीक्षाभूमीनंतर तो पाहायला हरकत नाही, फक्त बंद व्हायची वेळ फोनवरून विचारून घ्या.

एक छोटी गोष्ट राहिली. दिवसभरात नागपुरात कुठेही मुलाने नळाचं पाणी प्यायलं, तर त्याला सांगा की हे बहुधा आपलंच आहे. नवेगाव खैरीच्या धरणातलं पेंचचं पाणी या शहराच्या मोठ्या भागाला जातं. सकाळपासून शहराने आपल्याला दाखवलं, आता आपणही शहराला काहीतरी देतो हे मुलाला कळू द्या. घरी आल्यावर तो ही गोष्ट शाळेत सगळ्यांत आधी सांगेल, अशी माझी पैज.

परतीचं वेळापत्रक सकाळीच ठरवा. पारशिवनीची शेवटची गाडी कितीची आणि कुठून सुटते ते सकाळच्याच वाहकाला विचारा आणि त्याच्या आधीची गाडी पकडायचं ठरवा. शेवटच्या गाडीवर सगळं अवलंबून ठेवू नका, रविवारी ती भरून येते आणि आजीला उभं राहून प्रवास झेपत नाही. संत्रा बर्फी घ्यायची असेल तर सकाळी घेऊन दिवसभर वागवू नका, सीताबर्डीतून निघताना घ्या. एक डबा जास्तीचा घ्या, गोवारी आजोबांसाठी किंवा ज्यांनी १९५६ ची आठवण सांगितली त्या शेजाऱ्यांसाठी. दुसऱ्या दिवशी तो डबा मुलांच्या हातीच पाठवा, म्हणजे काय काय पाहिलं ते त्यांनाच सांगावं लागेल.